तलावात नाव आणि आभाळात वावधान: खान्देशात पहिल्यांदा नौकाविहाराला जाताय तर

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला पाण्यावरून गार झुळूक आली की नावेतले सगळे खूश होतात. दिवसभर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत भाजून निघालेला माणूस ती अंगावर घ्यायला छाती पुढे करतो, कोणी शर्टाची वरची बटणं सोडतं, कोणी म्हणतं, "भाऊ, अजून एक चक्कर मारा ना." नाव काठाकडे वळवायची वेळ नेमकी हीच. त्या गारव्यामागून जो वादळी वारा, म्हणजे वावधान, येतं तेच रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या पाडतं, आणि ते पोचायला पाच-दहा मिनिटं उरलेली असतात. कधी तेवढीही नसतात.

हा लेख नवख्यांसाठी आहे. हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जाणारे, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर नावेत बसणारे भाविक, जळगावच्या मेहरूण तलावावर पोराबाळांना घेऊन आलेलं कुटुंब, तोरणमाळच्या यशवंत तलावावर पायडल मारणारी कॉलेजची मुलं, वाघूर-गिरणा धरणांच्या पाण्यात गळ टाकून बसणारे हौशी. अक्राणी-अक्कलकुव्यात सरदार सरोवराच्या पाण्यातून रोजची ये-जा करणाऱ्यांना यातलं बरंचसं माहीत आहे. पण त्यांच्या नावेत बसणाऱ्या बदली झालेल्या शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला ते माहीत असेलच असं नाही.

"आपल्याकडे समुद्र थोडाच आहे" हा समज आधी डोक्यातून काढा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले. ती नेहमीची वाट होती, वेळही रोजचीच. आपल्या धरणांवर तेच आभाळ आहे आणि तेच महिने.

पायरी पहिली: घरून निघताना

वळवाचं वादळ आपल्याकडे साधारण एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या आसपास. वेळ बहुतेकदा दुपारी तीन ते रात्री आठ. याचा सरळ अर्थ असा की उन्हाळ्यात नौकाविहार सकाळी करा आणि अकरा-बारापर्यंत काठावर या. ऊनही वाचतं. हिवाळ्यात हतनूरला पक्षी बघायचे तरी सकाळच बरी, तेव्हा दुहेरी फायदा. अवकाळी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येही गारांसकट येतो, तेव्हा महाशिवरात्रीच्या यात्रेला संगमावर जाताना आभाळाकडे बघायचं सोडू नका.

मोबाईलवर दोन गोष्टी बघा. एक, भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा: पिवळा, नारिंगी, लाल. त्यासोबत पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही ते देतात, तो जास्त कामाचा. दुसरी गोष्ट 'दामिनी' अ‍ॅप. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं हे अ‍ॅप तुमच्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते दाखवतं. चाळीसच्या वर्तुळात ठिपके दिसू लागले तर नावेत बसूच नका. मात्र धडगावच्या दऱ्यांत किंवा धरणाच्या फुगवट्यावर रेंज जाते, म्हणून हे काठावर, चहाच्या टपरीपाशी उभं राहून बघून घ्या.

अंदाजात "ताशी ४० ते ५० किमी वेगाने वारे" असं वाचलं की नवख्याला ते मोटरसायकलच्या वेगाएवढं, म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, हे ध्यानात ठेवा. एरवी दहा-बाराने वाहणारा वारा पंचेचाळीसला गेला तर नावेच्या छतावर येणारा दाब बारा-पंधरा पटींच्या पुढे जातो. हवामान विभागाच्या हिशोबात वारा अचानक ताशी तीसेक किलोमीटरने वाढून चाळीसच्या वर गेला आणि मिनिटभर तरी तसाच टिकला की त्याला चंडवात म्हणतात. आपल्याकडे म्हणतात वावधान.

घरी कोणाला तरी सांगून निघा: कुठल्या धरणावर, कुठल्या काठावरून, किती वाजता परत. एवढं पुरे.

पायरी दुसरी: नावेत पाय ठेवण्याआधी

लाइफ जॅकेट. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते घातलेलं दिसतं आणि तरीही उपयोगाचं नसतं असं फार वेळा बघायला मिळतं. नावाडी जॅकेटांचा ढीग समोर टाकतो, आपण वरचं उचलून शर्टासारखं चढवतो, उकडतं म्हणून पट्टे मोकळे सोडतो. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि माणूस खालून निसटतो. म्हणून सगळे बकल लावा, पट्टे ओढून घ्या, मग सोबत्याला सांगा की दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचल. ते हनुवटीच्या वर, कानापाशी आलं तर ते तुमच्या मापाचं नाही किंवा पट्टे ढिले आहेत. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून लहान मुलाला घालू नका. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लावला तरच त्याला अर्थ आहे. मुलाच्या मापाचं नसेल तर मूल काठावर आजीजवळ थांबेल, रडेल, कुल्फी खाऊन गप्प होईल.

जॅकेटचा फोम दाबून बघा. चुरा होत असेल, कापड उसवलं असेल, बकल तुटून तिथे सुतळी बांधली असेल तर दुसरं मागा. मागायला लाजू नका. आणि "उशाला ठेवा, लागलं तर घाला" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. हलत्या नावेत, भिजल्या हाताने, घाबरलेल्या माणसाकडून बकल लागत नाही.

पोहता येतं म्हणून जॅकेट नको, हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य. गावातले बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात. विहिरीत लाट नसते, कड चार हातांवर असते आणि वर काका दोर धरून उभे असतात. वाघूरच्या मधोमध तोंडावर लाटेमागून लाट येत असताना श्वास कधी घ्यायचा हेच कळत नाही.

आता नाव. तिच्यावर किती माणसांची ती लिहिलंय का बघा. लिहिलं नसेल तर सगळे बसल्यावर काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. वीतभरच राहत असेल तर शांत पाण्यात ती मजेत जाईल, पण मोकळ्या धरणावर जोराचा वारा चार-पाच किलोमीटर पाण्यावरून घासत आला की फूट-दोन फुटांच्या लाटा उठायला फार वेळ लागत नाही. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पाण्यात जी नाव उलटली आणि माणसं गेली, तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक भरलेले होते. तिथे वादळाचीही गरज पडली नाही.

नावेत या वस्तू आहेत का, विचारून घ्या: पाणी उपसायला डबा किंवा बादली, दहा-पंधरा मीटर दोर, मोटरची नाव असली तरी निदान एक वल्हं, आणि शिट्टी. दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले प्लास्टिकचे कॅन असतील तर उत्तम. तरंगायला आणि पाण्यातल्या माणसाकडे फेकायला ते चांगले. मोबाईल झिपच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा. पायात बुटांपेक्षा चप्पल बरी. साडी असेल तर पदर कमरेला खोचून घ्या, ओढणी गळ्याभोवती गुंडाळू नका.

पायरी तिसरी: आभाळ आणि पाणी वाचणं

नावेत बसलं की सगळे पाण्याकडे बघतात किंवा मोबाईलकडे. एकाने आभाळाकडे बघायचं, हे निघतानाच ठरवून टाका.

सकाळपासून उकाडा, घामाच्या धारा, हवेत चिकटपणा असेल तर दुपारकडून संशय घ्या. दुपारपर्यंत सातपुड्याच्या अंगाला फुलकोबीसारखे पांढरेशुभ्र ढग चढू लागतात. ते नुसते असतील तर ठीक. त्यातला एखादा उंच-उंच जात राहिला, त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला आणि बूड काळंनिळं झालं की तो पावसाचा आणि विजेचा ढग झाला. तो अजून वीस किलोमीटरवर का असेना, परत फिरा.

अशा ढगात पाऊस आणि गारा खाली पडताना हवेलाही सोबत खाली ओढतात. वाटेत थेंबांची वाफ होते, त्याने ती हवा गार आणि जड होते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. म्हणून वारा पावसाच्या आधी येतो, आणि ढग डोक्यावर नसतानाही येतो. "अजून पाऊस तर लांब आहे" हा हिशोब इथेच चुकतो. मार्च ते मेमध्ये आपल्याकडची हवा खालच्या थरात फार कोरडी असते, त्यामुळे थेंबांची वाफ जास्त होते आणि वारा जास्त जोराचा निघतो. पाऊस चार थेंब आणि वारा छपरं उडवणारा, हा प्रकार खान्देशाला नवा नाही.

वारा येण्याआधीची खूण म्हणजे वारा पडणं. दुपारभर पश्चिमेकडून वाहणारा वारा अचानक थांबतो. पाणी तेलासारखं सपाट होतं. गिरणाकाठचे जुने मासेमार अशा वेळी जाळं अर्धवट सोडून म्हणतात, "भो, वारा पडी गया, आते निंघा." त्यानंतर वारा येतो तो बहुधा आधीच्या दिशेने नसतो, ढगाच्या बाजूने येतो. दुपारी जी खाडी आडोशाची वाटत होती तीच आता वाऱ्याच्या तोंडावर येऊ शकते, हे नाव बांधताना लक्षात असू द्या.

मग क्षितिजावर तांबूस-मातकट भिंत दिसते, ती शेतातली धूळ. काठावरचे बगळे, टिटव्या ओरडत एका दिशेने उठतात. गार झुळूक येते, तिच्यात ओल्या मातीचा वास असतो. आणि शेवटी पाण्यावर लांबून एक काळी रेघ तुमच्याकडे सरकताना दिसते. अलीकडे पाणी चकचकीत, पलीकडे खडबडीत काळपट. ती रेघ म्हणजे वाऱ्याची पुढची कड. ती दिसली की गप्पा बंद.

तोरणमाळला यातलं निम्मं दिसतच नाही. तलाव डोंगरांच्या बशीत आहे, ढग कड्याच्या मागून वर येतो तोच डोक्यावर. तिथे गडगडाटावर अवलंबून राहा: पहिला आवाज ऐकला की काठ. नर्मदेच्या फुगवट्यातही डोंगरांमधल्या चिंचोळ्या पाण्यात वारा नळीतून यावा तसा येतो आणि वळणावर दिशा बदलतो.

पायरी चौथी: काळी रेघ दिसल्यावर

आता कुठला काठ? सुटलो तोच काठ गाठायचा, कारण तिथे गाडी आहे, चपला आहेत, असं प्रत्येकाला वाटतं. गाडी राहू द्या. सर्वांत जवळचा, उतरता येईल असा काठ धरा. दोन काठ सारख्याच अंतरावर असतील तर वारा ज्या बाजूने येणार तो काठ चांगला. तिथे झाडी-टेकाडाचा आडोसा मिळतो आणि लाट वाढायला जागा नसते. समोरच्या काठावर सगळ्या लाटा जाऊन आपटत असतात.

धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका. भिंतीच्या पाण्याकडच्या अंगाला दगडाचं पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर असतो, शेवाळलेला, उताराचा. लाट नावेला उचलून त्यावर आपटते, आणि माणूस चढू म्हणेल तर पाय टिकत नाही. हतनूरला एकेचाळीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडे असताना त्या बाजूच्या पाण्याला ओढ असते. दरवाजे, सांडवा, कालव्याचं तोंड यांपासून एरवीही लांबच असावं.

उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं. बुडालेल्या बाभळींची खोडं, जुन्या विहिरींचे कठडे, पडकी जोती पाण्याखाली हातभरावर असतात. हतनूरमध्ये गाळ इतका साचला आहे की काठापासून बऱ्याच लांबवर नाव टेकते, आणि त्या चिखलात उतरलं तर मांडीपर्यंत पाय जातो. उतरावं लागलंच तर वल्ह्याने तळ चाचपून, नाव न सोडता उतरा. मासेमारांची जाळीही याच वेळी आडवी येतात: पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की वळसा घाला. मोटरच्या पंख्यात जाळं गुंतलं की वादळात तुम्ही बिनमोटरचे.

नाव काठाकडे चाललेली असतानाच बाकीची कामं उरका. जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळा. छताचे बाजूचे पडदे गुंडाळा, ताडपत्री सोडवता येत असेल तर काढून तळाला दाबा, छत्र्या बंद. डबे, पिशव्या, कॅमेरे खाली मधोमध ठेवा. आणि नावाड्याशी वाद घालू नका. एकाच वेळी पाच जण दिशा सांगू लागले की तो कोणाचंच ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पायरी पाचवी: वारा अंगावर आला

काठ गाठायच्या आत वाऱ्याने गाठलं तर बाकांवरून उतरून नावेच्या तळाला मधोमध बसा. पाणी असेल तर पाण्यात बसा, भिजायचंच आहे. उभं राहायचं नाही, जागा बदलायची नाही, लाट आली म्हणून सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही. नाव उलटण्याचं हे फार मोठं कारण: उजवीकडून पाणी आत आलं की सगळे घाबरून डावीकडे सरकतात आणि डावा काठ पाण्याखाली जातो.

मोटर असेल तर नावेचं तोंड वाऱ्याकडे, पण अगदी समोर नको, थोडं तिरकं. वेग कमी, फक्त तोंड वळणार नाही एवढाच. जोरात गेलात तर तोंड लाटेत घुसतं आणि पाणी पुढून आत येतं. सगळ्यांत वाईट म्हणजे नाव लाटेला आडवी पडणं. आडव्या नावेला दुसरी-तिसरी लाट पुरते. वारा पाठीशी घेऊन पळावंसं वाटतं, पण मागची बाजू सपाट आणि बुटकी असेल तर लाट मागून आत येते, किंवा नाव भलतीकडे घसरून आडवी होते. मोटर चालवणाऱ्याने ती बंद पाडणारी दोरी मनगटाला अडकवलेली असावी, म्हणजे तो पडला तरी पंखा फिरत राहणार नाही.

वल्ह्यांची नाव असेल तर पुढे जायचा हट्ट सोडा. तोंड वाऱ्याकडे धरून ठेवण्यापुरतं वल्हवा आणि नाव मागे वाहू द्या.

मोटर बंद पडली, वल्हं गेलं, तर बादली कामाला येते. दोराचं एक टोक बादलीच्या कडीला पक्कं बांधायचं, दुसरं नावेच्या अगदी पुढच्या टोकाला, आणि आठ-दहा मीटर दोर सोडून बादली पाण्यात टाकायची. ती भरते, बुडते, पाण्यात ओढ धरून राहते; नाव वाऱ्याने मागे सरकते आणि तोंड आपोआप वाऱ्याकडे राहतं. बादली नसेल तर ताडपत्रीची झोळी करून, नाहीतर दोन भरल्या पिशव्या बांधूनही चालतं. नांगर असेल आणि पाणी उथळ असेल तर तो टाका, पण दोर खोलीच्या पाच-सात पट सोडा आणि पुढच्या टोकालाच बांधा. बाजूला किंवा मागे बांधलेला नांगर नावेला तिथेच बुडवतो.

पाणी आत आलं की उपसायला सुरुवात करा, "थोडंसंच आहे" म्हणू नका. चार मीटर लांब, मीटरभर रुंद नावेत चार बोटं-वीतभराच्या मधलं, समजा दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे चारशे लिटर, चारशे किलो. सहा माणसांइतकं हे वजन नाव जिकडे कलेल तिकडे धावतं. दोघांनी बसूनच उपसायचं, एकाने उजवीकडे, एकाने डावीकडे टाकायचं.

पायडल बोटीचं गणित वेगळं. हलकी, उंच, वारा धरणारी. वाऱ्याविरुद्ध पायडल मारून दम घालवू नका. वारा नेतो तिकडे जाऊ द्या, सुकाणूने फक्त दगड आणि भिंत टाळा. मेहरूणसारख्या शहरातल्या तलावात ती काही मिनिटांत कुठल्या तरी काठाला लागते. कपडे चिखलात जातील. जाऊ द्या.

वीज

पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही असता. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा; तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावरही पडू शकते. गळ खाली ठेवा, विशेषतः काळ्या कार्बनच्या काड्या. छताच्या लोखंडी पाइपांना धरू नका, हात पाण्यात सोडू नका, अंग आखडून बसा. मोबाईलमुळे वीज ओढली जाते हा गैरसमज आहे. मदतीसाठी फोन लावायचा तर लावा.

काठाला लागलात की एकट्या बाभळीखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. पक्कं घर, देऊळ नव्हे तर चारी भिंतींचं घर, शाळा, नाहीतर काचा लावलेली गाडी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत पुन्हा पाण्याकडे नाही, ऊन पडलं तरी.

पायरी सहावी: नाव उलटलीच तर

नाव धरून राहा. लाकडाची असो की फायबरची, उलटली तरी ती बहुधा तरंगत राहते. पालथ्या नावेला धरलेला माणूस शोधणाऱ्याला लांबून दिसतो. पाण्यावरचं एकटं डोकं लाटांत दिसत नाही. काठ जवळ भासतो, पण पाण्यावर अंतर नेहमी कमी वाटतं. पोहून मदत आणतो म्हणणाऱ्याला अडवा.

छताखाली सापडलात तर आधी खाली, मग बाजूला. जॅकेट वर ढकलतं म्हणून छताची कड हाताने पकडून स्वतःला बाहेर ओढावं लागतं. बाहेर आल्यावर डोकी मोजा, मोठ्याने, नावं घेऊन. लहान मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना पालथ्या नावेवर चढवा, बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी धरा, सगळे एका बाजूला नको. वाऱ्याकडे पाठ करा, लाट तोंडावर घेऊ नका. पाणी उन्हाळ्यात कोमट असलं तरी गारांच्या पावसात तासाभरात माणूस कुडकुडतो, म्हणून अंगावरचे कपडे काढू नका आणि एकमेकांना चिकटून राहा. शिट्टी तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. ओरडण्यात दम जातो.

फोन चालू असेल तर ११२. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८. धरणाचं नाव, कुठल्या गावाच्या बाजूला, किती माणसं, एवढं आधी सांगा. फोन कधीही तुटेल.

काठावर असाल आणि कोणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. बांबू पुढे करा, दोर फेका, कॅन फेका, गाडीची ट्यूब फेका. चार जणांनी साडी-धोतराला गाठी मारून केलेला दोरही चालतो.

पायरी सातवी: बाहेर काढल्यावर

गावात अजूनही बुडालेल्याला उलटं टांगतात, खांद्यावर टाकून गरगरा फिरवतात, पालथं घालून पोट दाबतात. मिठात पुरून ठेवा असा एक मेसेजही मोबाईलवर फिरत असतो. यातलं काहीच करू नका. पोट दाबल्याने उलटी होते, ती श्वासनळीत जाते आणि हातातली मिनिटं वाया जातात.

माणूस बेशुद्ध आहे आणि नीट श्वास घेत नाही, तर उताणा झोपवा, कपाळ मागे करून हनुवटी वर उचला. नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास भरा, छाती वर येते का बघत. बुडालेल्या माणसाला हवेची कमतरता असते, म्हणून इथे श्वासापासून सुरुवात. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपरं ताठ, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. थकलात की दुसऱ्याला द्या, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. वीज पडलेल्या माणसालाही हेच. त्याच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला भिऊ नका. फासळी मोडली तरी दाबणं सोडू नका.

शुद्धीवर आलेल्याला कुशीवर वळवा, ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळा. तो "आता बरा आहे" म्हणाला तरी सरकारी दवाखान्यात न्या. छातीत पाणी गेलेल्याला काही तासांनी खोकला आणि धाप लागू शकते, आणि ते रात्री घरी लागलं तर अवघड होतं.

आणि तुम्ही भलत्याच काठाला, सुखरूप लागला असाल, तरी आधी घाटावर आणि घरी फोन करून "आम्ही पोचलो, अमुक गावाजवळ आहोत, इतके जण आहोत" असं कळवा. रेंज नसेल तर गावातल्या कोणाला मोटरसायकलवर निरोप देऊन पाठवा. नाही कळवलं तर अंधारात, त्याच वाऱ्यात, तुम्हाला शोधायला दुसरी नाव पाण्यात उतरते.